सुधाकरचा फासा

आज कपाट आवरताना सुधाकरचा वीस बाजूंचा फासा सापडला आणि नवीन जालन्यातली आमची खोली आठवली. रविवारी दुपारी आम्ही चार मित्र तिथं फाशांवर गोष्ट खेळायचो. गोष्ट मी सांगायचो, बाकीचे तिच्यातली पात्रं व्हायचे; पात्राचा डाव साधला की फसला, ते फाशावरचा आकडा ठरवायचा. खिडकीतून सरकीचा उग्र वास यायचा.

त्या दिवशी सुधाकरचा बंडखोर पकडला गेला. खरं वाटावं म्हणून मी दोघांना बाहेर पाठवलं, कडी लावली आणि ठाणेदार होऊन विचारलं, "साथीदार कुठं हायत?" फासा टाकून तो सुटू शकला असता. त्यानं टाकलाच नाही.

"न्हाई माहीत, साहेब," तो हळू म्हणाला. "मारू नका."

मारायचं मी बोललोच नव्हतो. काय झकास काम करून राह्यला, असं वाटून मी आणखी दरडावलं. शेवटी दार उघडून दोघांना आत घेतलं, त्याच्यासाठी टाळ्या वाजवायला लावल्या.

फासा टेबलावर ठेवून तो गेला, पुन्हा आला नाही. आमची ओळख व्हायच्या आधी, कॉलेजात असताना त्याला पोलीस चौकीत तीन दिवस मारलं होतं, हे त्याच्या भावानं फार नंतर सांगितलं.

आता तो क्षण पुन्हा दिसतो: दार उघडं होतं, आम्ही टाळ्या वाजवत होतो, आणि सुधाकर हात मागं धरून, मी जा म्हणायची वाट बघत उभा होता.