गाडीतला मोठा फ्रिज

जुन्या व्हॅनमध्ये फिरतं घर करत होतो तेव्हा बायको म्हणाली, "फ्रिज बारका घ्या. तांदळा-डाळीला कपाट नको?" मी ऐकलं नाही. कपाट रद्द करून तिथे छातीएवढा फ्रिज बसवला. वर तिलाच सुनावलं, "वाटेत दुकानं काय कमी आहेत?"

पहिल्या फेरीला म्हशाच्या जत्रेला निघालो. आधी टोकावड्याला बहिणीकडे गेलो. आमच्याकडे पाहुण्याला रिकाम्या हातानं धाडत नाहीत, हेच मी गाडी आखताना विसरलो होतो. बहिणीनं नव्या तांदळाचं पोतं, वाल आणि सुकट आणून ठेवली. "एवढी मोठी गाडी हाय तुझी, नाय कशाला म्हनतोस रे?"

यातल्या कशालाच गारवा लागत नव्हता. पोतं बिछान्यावर गेलं, आम्ही दोघं खाली झोपलो. दुसऱ्या दिवशी फ्रिजनं बॅटरी संपवली. बायकोनं त्यातलं दूध बाहेर काढलं, जाळ्या उपसल्या आणि पोतं आत उभं केलं. नीट मावलं.

तेव्हापासून फ्रिज बंदच आहे. त्यात तांदूळ असतो. दूध रोज वाटेत घेतो. दुकानं काय कमी आहेत, असं आता ती म्हणते.