औषध मारलेल्या खाचराचा भात

थोरल्या मुलीच्या वेळी मला सातवा महिना चालू होता आणि खाचरात बेणणीची वेळ येऊन ठेपली होती. मुरुडहून आगरदांड्याकडे जाताना आत डोंगराच्या अंगाला आमचं गाव. नवरा मुंबईला कापडगिरणीत कामाला. घरी सासू आणि मी, आणि भाताची चार खाचरं. साठ सालानंतरचे ते दिवस. आमचा जिल्हा तेव्हा कुलाबा होता.

बेणणी म्हणजे पाण्यात वाकून दिवसभर तण उपटायचं. त्या वर्षी मला वाकताच येत नव्हतं. सासूबाई एकट्या तीन खाचरं कशीबशी उरकतील, चौथं तसंच राहील, हे आम्हा दोघींनाही कळत होतं. अशा वेळी ग्रामसेवक दारात आला. तण मारणारं नवीन औषध सरकारकडून आलं होतं आणि गावाला दाखवण्यासाठी त्याला एक खाचर हवं होतं.

"वहिनी, फक्त तण मरतं. भाताला काही होत नाही," तो म्हणाला.

सासूबाई आतून म्हणाल्या, "औषध माणसाला देत्यात, गवताला न्हाय."

मी हो म्हटलं. खरं सांगायचं तर औषधावर विश्वास होता म्हणून नाही, कंबर दुखत होती म्हणून.

पाठीवर पंप अडकवून त्याने एका सकाळी चौथ्या खाचरात फवारणी केली. चार-पाच दिवसांत लव्हाळा पिवळा पडला, माक्याचे देठ पिळवटून आडवे झाले. भात मात्र हिरवागार उभा. गावातली माणसं बांधावर येऊन बघून गेली. मलाही आनंद झाला असता, पण त्या बांधावर मी काकडीचा वेल लावला होता. वाऱ्याने थोडं औषध तिकडे गेलं असावं. वेलाची पानं आकसून सुरळी झाली, शेंडा वाकडातिकडा वळला, आणि ज्या दोन बारक्या काकड्या धरल्या होत्या त्यांना भलताच आकार आला. मी त्या तोडून गाडून टाकल्या. माझ्या पोटात मूल होतं. त्या काकड्या मी पुढे कितीतरी दिवस विसरू शकले नाही.

आश्विनात मुलगी झाली. सुईणीने तिला उचलून दाखवलं तेव्हा मी आधी बोटं मोजली, हातांची आणि मग पायांची. सगळी होती. मला रडू आलं. सुईणीला वाटलं मुलगी झाली म्हणून मी रडतेय. ती माझी समजूत घालू लागली.

पुढे कापणी, मळणी झाली. चौथ्या खाचराचा भात इतर तिन्हींपेक्षा भरघोस आला. पण गावात त्याला नाव पडलं होतं, "औषधाचा भात". सासूबाईंनी तो वेगळ्या कणगीत ठेवायला लावला आणि त्यातला दाणाही तोंडात घेणार नाही असं सांगून टाकलं. बैलगाडीतून मुरुडच्या गुजराती व्यापाऱ्याकडे पाठवला तर त्याने परत धाडला. मी स्वतः जाऊन विचारलं, तेव्हा तो हात जोडून म्हणाला, "बेन, माल चांगला आहे, मी कुठे नाही म्हणतो? पण गिऱ्हाईक विचारतं, औषधाचा का? मी काय सांगू?"

एवढा भात टाकून देणं मला जमेना. मी तोच शिजवून खाऊ लागले. महिनाभर खाल्ला. मग एक दिवस विहिरीवर शेजारीण म्हणाली, "तू खातंस ते पोरीच्या दुधात उतरतं ना गो?" तिने वाईट मनाने विचारलं नव्हतं. पण घरी येऊन मी पोरीला पाजायला घेतलं आणि मला ती काकडी दिसली.

ग्रामसेवकाला विचारलं. तो भला माणूस, खोटं बोलला नाही. म्हणाला, "वहिनी, पीक वाढतं एवढं मला शिकवलंय. दाण्यात काही उरतं का, ते मला कुणी सांगितलेलं नाही."

माझं माहेर उरणकडचं, मिठागरवाल्यांचं. लहानपणी मी बघितलं होतं, मिठागरावर सरकारी अंमलदार यायचा, मिठाचा नमुना कागदात बांधून न्यायचा, आणि मीठ चांगलं की वाईट हे पुढे कागदावर लिहून यायचं. वडील त्याच्यावर चिडायचेही, पण कागद आला की गावात कुणाची बोलायची छाती होत नसे. मला वाटलं, मिठाला विचारणारं कुणी आहे, तर तांदळालाही असेल. मी सातवी झालेली. एक पोस्टकार्ड घेतलं आणि अलिबागला अन्नभेसळीचं बघणाऱ्या साहेबांना लिहिलं, की अमुक गावात तण मारायच्या औषधाखाली पिकलेला तांदूळ विकायला ठेवला आहे, तो खाण्यास योग्य आहे की नाही ते तपासावं. खाली माझंच नाव आणि माझाच पत्ता.

अन्न निरीक्षक आले ते एस.टी.तून, हातात कातडी पिशवी घेऊन. पन्नाशीचे, किरकोळ अंगाचे. ओटीवर बसून ते पाणी प्याले आणि त्यांनी पोस्टकार्ड बाहेर काढलं.

"तक्रार कुणाविरुद्ध आहे, बाई?"

"माझ्याचविरुद्ध."

त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. "इतकी वर्षं नोकरी झाली, दुधात पाणी घालणारे आणि तिखटात विटेची पूड घालणारे बघितले. स्वतःवर तक्रार करणारं माणूस पहिलंच."

सासूबाई दारात उभ्या होत्या. मी कार्ड टाकलं हे त्यांना तोवर ठाऊक नव्हतं. त्या एवढंच म्हणाल्या, "घरावर पोलीस आणलास." आणि आत गेल्या.

निरीक्षकांनी भात कांडून घ्यायला लावला, त्या तांदळाचे तीन सारखे भाग केले, तीन बाटल्यांत भरले, लाख वितळवून सील केलं, दोन शेजाऱ्यांच्या सह्या घेतल्या. एक बाटली मला दिली, एक पुण्याला तपासायला जाणार, एक त्यांच्याकडे राहणार. कायद्याप्रमाणे नमुन्याचे पैसेही त्यांनी मला दिले, मी नको म्हणत असताना. मग म्हणाले, "बाकीचं धान्य कसं ठेवता ते दाखवा."

मी त्यांना आत नेलं. कणग्या बघितल्या, मडकी बघितली. फळीवर एक पत्र्याचा डबा होता, घट्ट झाकणाचा. त्याच्यापुढे ते थांबले.

"हा डबा कुठून आला?"

मी नीट बघितलं. औषधाचा डबा होता तो. फवारणी झाल्यावर ग्रामसेवक रिकामा म्हणून पडवीत ठेवून गेला होता. त्याला एवढं चांगलं झाकण, उंदीर शिरणार नाही, दमट हवा लागणार नाही, म्हणून सासूबाईंनी तो राखेने तीनदा घासून, उन्हात वाळवून घेतला होता. रोज नजरेसमोर असलेला डबा, आणि माझ्या मनात कधी आलंच नाही.

"यात काय आहे?"

सासूबाई अभिमानाने म्हणाल्या, "नातीच्या उष्टावणाचा तांदूळ. वरच्या खाचराचा, बिनऔषधाचा. निवडून ठेवलाय मी."

निरीक्षकांनी झाकण काढलं, नाक जवळ नेलं, आणि डबा माझ्यापुढे धरला. तांदळाच्या वासाखाली एक उग्र वास होता, दवाखान्यात फरशी पुसतात तसा.

"घरात खायला ठेवलेल्या धान्यावर माझा कायदा चालत नाही," ते म्हणाले. "माझा कायदा विक्रीच्या मालापुरता. पण हाही थोडा नेतो, चिठ्ठी जोडून पाठवतो. कागद येईपर्यंत या डब्याला हात लावू नका, आजी."

सासूबाईंना ते झोंबलं. औषधाच्या भाताची तक्रार, आणि खोटा ठरवला त्यांचा शुद्ध तांदूळ! ते गेल्यावर त्या दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत.

कागद काही लवकर आला नाही. पौष गेला, माघ गेला. मुलीला सहावा महिना लागला. शिमग्याला नवरा रजा घेऊन आला, उरणहून माझा भाऊ आला, कारण उष्टावण मामाने करायचं. पाट मांडला, रांगोळी घातली. बाकीच्या तीन खाचरांचा भात तोवर विकून-खाऊन संपला होता, म्हणून तांदूळ बाजारातून आणू असं माझं आणि नवऱ्याचं ठरलं होतं. मी मुलीला न्हाऊ घालून बाहेर आले तर चुलीवर भात रटरटत होता आणि डब्याचं झाकण उघडं.

"आत्याबाई, हा कुठला तांदूळ?"

"माझा. माझ्या नातीचा पहिला घास इकतच्या तांदळाचा न्हाय व्हायचा. तीनदा घासलाय डबा. सायबाला काय कळतं?"

मी मुलीला भावाच्या हातात दिलं. फडक्याने पातेलं धरून उचललं, मागच्या दारी गेले आणि राखेच्या खड्ड्यात सगळा भात ओतला. कोंबड्या खातील म्हणून वर माती लोटली. अन्न मी असं कधी टाकलं नव्हतं. शिमग्याच्या दिवशी, शिजलेला भात, आणि तोही सासूने हौसेने रांधलेला. मागे वळले तर नवरा दारात उभा.

तो म्हणाला, "आईला काय वाटलं असेल?"

"कागद येऊ दे. मी चुकले असेन तर त्यांच्या पाया पडेन. सगळ्या गावासमोर पडेन."

त्या दिवशी उष्टावण झालंच नाही. सासूबाई पदर डोक्यावरून ओढून कोपऱ्यात बसून राहिल्या. भाऊ मात्र थांबला, म्हणाला, भाचीला भरवल्याशिवाय जात नाही.

चौथ्या दिवशी निरीक्षक स्वतःच आले. पोस्टाने पाठवला असता तरी चाललं असतं. मुरुडला काम होतं म्हणून आलो असं ते म्हणाले. मला नाही वाटत मुरुडला त्यांचं काही काम होतं.

ओटीवर सगळे जमलो. कागद इंग्रजीत होता. त्यांनी तो उघडला आणि त्यातलं मराठीत सांगितलं.

"खाचरातल्या तांदळात औषधाचा अंश आढळला नाही." मग सासूबाईंकडे वळून, "डब्यातल्या तांदळात आढळला. खाण्यास अयोग्य. डबा धुतला म्हणून जाण्यासारखं ते औषध नाही, पत्र्याच्या सांध्यात बसून राहतं."

माझा भाऊ मुलीला मांडीवर घेऊन बसला होता, त्याने तिला नुसतं छातीशी घट्ट धरलं.

सासूबाई उठल्या, त्याच्याकडून मुलगी घेतली आणि तिचं तोंड, मान, हात चाचपून बघायला लागल्या, जसं काही तिने तो घास खाल्लाच होता. "मी माझ्या हातानं घालत व्हते गो," एवढंच त्या परत परत म्हणत होत्या. मी त्यांच्याजवळ बसले. "घातला नाही ना आत्याबाई. एक दाणाही गेला नाही तिच्या पोटात." मला त्यांच्यावर रागवायचं होतं, दोन महिने मनात साठवून ठेवलेलं बोलायचं होतं, पण त्या घडीला काहीच उरलं नव्हतं. अंग इतकं हलकं झालं होतं की मी भिंतीला टेकून बसले.

निरीक्षक निघताना मी त्यांना विचारलं, "आढळलं नाही म्हणजे मुळीच नाही ना?"

"खरं सांगू? आमच्या कायद्यात या औषधाचा अजून आकडाच लिहिलेला नाही. किती असलं तर चालेल आणि किती नाही, हे कुणी ठरवलेलं नाही. त्यांच्या परीक्षेत दिसलं नाही, एवढं मी सहीनिशी सांगू शकतो. आकडा ठरवावा आणि डब्यांचंही काही करावं असं मी वर लिहिलंय. आता ते कधी होईल ते वरच्यांना ठाऊक."

त्यांनी तेवढंच सांगितलं म्हणून माझा त्यांच्यावर जास्त विश्वास बसला. मी महिनाभर जो भात खाल्ला, जो माझ्या दुधात उतरला असेल म्हणून मी झुरत होते, त्याबद्दल एका माणसाने बघून, तपासून सांगितलं होतं. मला तेवढं पुरलं.

सासूबाई कणगीपाशी गेल्या, औषध मारलेल्या खाचराच्या कणगीपाशी, आणि सुपात भात घेऊन स्वतः कांडायला बसल्या. संध्याकाळी दिवेलागणीच्या आधी भावाने चांदीच्या वाटीतून मुलीला पहिला घास भरवला. तिने तो अर्धा बाहेर काढला, अर्धा गिळला आणि आणखी मागितला. माझा नवरा खळखळून हसला. शिमग्यापासून तो पहिल्यांदाच हसत होता.

कागदाची नक्कल ग्रामसेवकाने चावडीवर लावली. आठवड्याने मुरुडच्या व्यापाऱ्याने भात घेतला. ग्रामसेवक त्यानंतर रिकामे डबे दगडाने ठेचून सगळ्यांसमोर खड्ड्यात पुरायचा, आणि कुणी डबा मागितला तर आमच्या सासूबाई घरातून उठून जायच्या आणि त्याला सगळी हकीकत ऐकवायच्या. अगदी स्वतःची चूकसुद्धा. मला त्या गोष्टीत त्या हटकून थोडी जास्तच भांडखोर करायच्या, पातेलं मी फेकलं असं सांगायच्या. मी फेकलं नव्हतं, ओतलं होतं. पण मी कधी दुरुस्त केलं नाही.