डब्यातलं नेट

दाक्षायणी अक्कांच्या घरात मोलाची वस्तू कधी उघड्यावर राहत नसे. दागिने डब्यात, औषधं डब्यात, टीव्हीचा रिमोटसुद्धा वापरून झाला की डब्यात. सोलापुरात कडक भाकऱ्या विकण्यात जन्म गेलेला. घट्ट झाकणावर त्यांचा जेवढा विश्वास, तेवढा पोटच्या पोरावरही नव्हता.

त्याच पोरानं, मल्लेशनं, अक्का दुधनीला निघाल्या तेव्हा त्यांच्या हातात साबणाच्या वडीएवढी काळी डबी ठेवली, आणि सोबत आपला सिम नसलेला जुना फोन.

"आई, ह्यो हॉटस्पॉट. कार्ड ह्याच्यात हाय. ह्यो जितं जाईल तितं नेट, मग फोनवर व्हिडिओ लागतंय. गाडी रखडली तर कामाला येईल. जपून ठेव."

बाकीचं सगळं डोक्यावरून गेलं. 'जपून ठेव' तेवढं अक्कांना पक्कं कळलं.

दुधनीत धाकट्या भावाच्या, गुरुशांतच्या मुलीचं बारसं होतं. कितीतरी वर्षं नवससायास करून त्याच्या घरी पाळणा हलला होता. नाव ठेवायचा मान आत्याचा, म्हणजे अक्कांचा. महेश्वरी ठेवावं की गेलेल्या आईचं सिद्धेश्वरी, हे पोरीचं तोंड बघूनच त्या ठरवणार होत्या. नजर लागेल म्हणून बारशाआधी कुणी फोटोही पाठवला नव्हता.

आणि रेल्वेगाडी नेमकी होटगी स्टेशनात येऊन बसली ती हलेचना. अक्कांचा बटणांचा फोन वाजला.

"अक्का, मुहूर्त टळायलाय. फोनवरच सांग की नाव," गुरुशांत म्हणाला.

"तोंड बघितल्याबिगर न्हाय सांगणार. व्हिडिओ लावते."

"लाव मग लवकर. न्हायतर काकी ठेवंल नाव. सगळी खोळंबल्यात."

अक्कांनी मल्लेशचा फोन काढला. पडद्यावर नुसतं चक्र फिरत राहिलं. घरी तर लागला होता की! नेट सोलापुरातच राहिलं का? का होटगीपर्यंत येईस्तोवर संपलं? त्यांनी फोन खिडकीबाहेर धरला, हलवला, बंद करून चालू केला. समोर बसलेल्या बांगडीवाल्या जुलेखाबींनी तो पदरानं पुसूनही दिला. त्यांना तरी कुठं कळत होतं!

"नेटची डबी सोबत हाय ना, अक्का?" डबीची सगळी कथा ऐकून घेतलेल्या जुलेखाबींनी विचारलं.

"हाय की. लई जपून ठेवलीय."

आता काकी नाव ठेवणार या विचारानं अक्कांना रडू फुटलं. डोळे पुसत त्यांनी पिशवीतून भाकरीचा स्टीलचा डबा काढला.

"खावा बाई. बारशाचं जेवण काय नशिबात न्हाय आता."

त्यांनी झाकण काढलं आणि मल्लेशचा फोन वाजला.

पडद्यावर गुरुशांत! अक्कांनी गडबडीत झाकण लावलं, तसा तो तोंड उघडं ठेवून थिजला. पुन्हा काढलं, तर थोड्या वेळानं पुन्हा बोलू लागला. भाकऱ्यांवर फडक्यात गुंडाळलेली काळी डबी मुकाट पडून होती.

"ह्याला भाकरीचा वास लागतोय का काय?" अक्कांनी विचारलं.

"लागत असंल. उघडाच ठेवा," जुलेखाबी म्हणाल्या.

गुरुशांतनं फोन पाळण्यावर धरला. पोरीनं जांभई दिली आणि हनुवटीवर खळी पडली. आईची खळी. पोरीच्या कानाशी वाकावं तशा अक्का फोनवर वाकल्या.

"कुर्रर्र... सिद्धेश्वरी."

तिकडे बायकांचा गलका झाला. पण अक्का वाकूनच राहिल्या. नाव ठेवलं की आत्याच्या पाठीत धपाटे पडायचे असतात, आणि त्यांच्या मागं होता नुसता बाकाचा पत्रा. जुलेखाबी काय ते समजल्या. बांगड्यांची पेटी बाजूला सारून उठल्या.

"हळू मारू का जोरात?"

अक्कांनी पाठ आणखी वाकवली.

"जोरात मारा, बाई. लई वर्षं वाट बघितलीय."