मला गप्प बसवणारे विंग कमांडर

विंग कमांडर रंगनाथराव तुपे साहेबांची आणि माझी पहिली भेट झाली, ती मी त्यांना शिव्या घालत असताना. नावाने नव्हे, तेव्हा मी त्यांना ओळखतही नव्हतो. बजाजनगरच्या एका मैदानावर माझे भाषण होते आणि विषय होता परदेशी तेल कंपन्यांची लूट. टाळ्या सणसणीत पडत होत्या. तिसऱ्या रांगेत पांढऱ्या शर्टातले एक गृहस्थ तेवढे वहीत टिपून घेत होते. पोलीस खात्याचे असावेत असे वाटून मी आवाज आणखी चढवला. भाषण संपल्यावर ते जवळ आले आणि अदबीने म्हणाले, "गायकवाड सर, तुम्ही चार आकडे सांगितले. तीन चुकले."

"आणि चौथा?" मी छाती काढून विचारले.

"तो मीच काढलेला. तो बी चुकलेलाच होता, पण आमच्या कंपनीला कळलं नाही."

साहेब त्याच महिन्यात आखातातून कायमचे परतले होते. गंगापूर तालुक्यातल्या कापसाच्या रानातून निघून ते हवाई दलात गेले, हेलिकॉप्टरचे वैमानिक झाले. निवृत्तीनंतर समुद्रातल्या तेलविहिरींवर माणसे नेण्या-आणण्याची नोकरी धरली. मागे बसलेली ती माणसे काय बोलतात, ते ऐकता ऐकता तेलाचा धंदा शिकले आणि त्याच कंपनीचे संचालक झाले. मी आयुष्यभर बोलून जेवढे मिळवले, त्याच्या कितीतरी पट साहेबांनी ऐकून मिळवले, हे मला मान्य करावे लागते. सुखाने करत नाही.

आमच्या अभ्यासिकेत ते दुसऱ्याच आठवड्यापासून सकाळी सहाला गणित आणि इंग्रजी शिकवू लागले. अभ्यासिका म्हणजे पत्र्याच्या दोन खोल्या. वाळूजच्या कारखान्यांत राबणाऱ्यांची मुलेमुली तिथे वाचत बसतात, कारण घरच्या एकाच खोलीत तीन पाळ्यांची माणसे आळीपाळीने झोपतात. सुनीता नावाच्या मुलीने एकदा साहेबांना विचारले, "सर, हवेत हेलिकॉप्टरचं इंजिन बंद पडलं तवा भ्या नाय वाटलं?"

"वाटलं ना. पण गंगापूरच्या जीपच्या टपावर बसून शाळेत जायचो मी. त्याच्यापुढं इंजिन म्हंजे काय! आधी हातातलं काम करायचं, पोरी. भ्यायला जमिनीवर लई वेळ असतो."

माझ्या भाषणांना साहेब नेमाने येत. पहिल्या रांगेत बसत आणि बोटांनी खूण करत: पाच मिनिटांचे इंधन उरले, तीन, दोन. मूठ मिटली की टाकी संपली. मी त्या मुठीकडे कित्येक वर्षे दुर्लक्ष केले.

मग अभ्यासिकेला नोटीस आली. ती जागा वाहनतळासाठी रिकामी करायची होती. मी धर्मांतराच्या चळवळीतल्या घरात वाढलो. आमच्या घरात देव्हारा नव्हता, पुस्तकांची फळी होती. वाचायला बसायची जागा ही कुणाची मेहेरबानी नाही, तो हक्क आहे! गाड्यांना सावली हवी आणि माणसांच्या लेकरांनी उन्हात...

असो. साहेब मूठ दाखवताहेत असा भास झाला.

पहिल्या सुनावणीत मी हे सगळे सांगितले. सुरुवात युरोपातल्या पहिल्या कापड गिरण्यांपासून केली. मी पाऊण तासाने वाळूजपर्यंत पोहोचलो, तेव्हा अधिकारी जेवायला निघून गेले होते. शेवटची म्हणून एकच तारीख मिळाली.

साहेबांनी त्याच संध्याकाळी मला घरी बोलावले. "मागणी किती वाक्यांची?"

"एका."

"म्हणा."

मी म्हणू लागलो. स्वयंपाकघरातून कमलवहिनींचा आवाज आला, "भाऊजी, तीन शिट्ट्या झाल्या. डाळ शिजली, तुमचं वाक्य काय शिजंना!"

आठ दिवस तालीम चालली. वाक्य छोटे करणे सोपे होते. खरी परीक्षा त्यानंतरची होती. "आम्ही तेलाचे करार असेच करायचो," साहेब सांगत. "मागणी एकदाच मांडायची. मग गप्प. जो आधी बोलंल, तो हरला." त्यांनी मला भिंतीवरच्या कॅलेंडरसमोर बसवून गप्प राहण्याचा सराव करायला लावला. पहिल्या दिवशी मी कॅलेंडरशीच वाद घातला.

सुनावणीच्या दिवशी साहेब माझ्या शेजारी बसले. मी उभा राहून म्हणालो, "अभ्यासिका आहे तिथेच राहील, असे आम्हाला लेखी द्या." आणि बसलो. अधिकारी पुढच्या वाक्याची वाट पाहू लागले. वरचा पंखा फिरत होता. माझ्या घशाशी सगळा इतिहास येऊन थांबला होता.

"बघू," अधिकारी म्हणाले.

मी तोंड उघडणार, तोच टेबलाखाली साहेबांचा बूट माझ्या चपलेवर पडला. मी तोंड मिटले. अधिकाऱ्यांनी फाइल चाळली, पाणी प्यायले, घड्याळ पाहिले. बूट आणखी रुतला.

"तसा वाहनतळ मागच्या बाजूला बी होऊ शकतो म्हणा..."

आम्ही गप्प. साहेबांनी खिशातून पेन काढले, टोपण उघडले आणि त्यांच्यापुढे ठेवले. अधिकाऱ्यांनी आमच्या तोंडांकडे एकदा पाहिले, सुस्कारा टाकला आणि लिहायला घेतले.

बाहेर आल्यावर मी लंगडत होतो. "साहेब, काय काय बोलू शकलो असतो मी!"

"म्हणून तर जागा गेली असती."

"पण केवढा दाबलात पाय! तुम्ही मात्र दगडासारखे शांत."

साहेब थांबले. "कसला शांत? पाय लटलट कापत होता माझा, गायकवाड. आवाज होऊ नये म्हणून तुमच्या पायावर ठेवला." मग हसून म्हणाले, "हेलिकॉप्टरमधी फक्त माझा जीव असायचा."

ते खोटे आहे. मागे माणसे बसलेली असतच. पण त्या दिवशी अभ्यासिकेतली किती लेकरे त्यांच्या मागे बसली होती, ते आम्हा दोघांनाच ठाऊक होते. सुनीता आज त्याच पत्र्याखाली सकाळी सहाला गणित शिकवते. साहेब शेवटच्या बाकावर बसून तिलाही बोटे दाखवतात.

साहेब, तुमच्या अमृतमहोत्सवानिमित्त माझ्याकडे तुमच्याविषयी अडीच तासांचे भाषण तयार आहे. या गौरवग्रंथाची शब्दमर्यादा तुम्हीच ठरवली, असा मला दाट संशय आहे. म्हणून तुमच्याच पद्धतीने मागणी एकदाच मांडतो: ठणठणीत तब्येतीने शंभर वर्षे पहिल्या रांगेत बसा.

पेन उघडून तुमच्यापुढे ठेवले आहे. आता मी गप्प.