आमच्या रक्तातली पळापळ

ज्याची बायको रोगप्रतिकारशक्तीवर संशोधन करते, त्याच्याकडे किस्से सुजेसारखे आपोआप जमतात. माझी मंजिरी सिंगापूरच्या एका लॅबमध्ये पांढऱ्या पेशींचा अभ्यास करायची. मी तिच्या नोकरीच्या पासवर तिथे राहणारा, म्हणजे सरकारमान्य डिपेंडंट. त्या वर्षी तिला लॅबच्या मोठ्या बाईंना जिवंत पेशी जंतू गिळताना दाखवायची होती. जमलं तर प्रोजेक्ट चालू, नाही तर सेंगकांगचा फ्लॅट सोडून आम्ही पुण्याला परत.

या पेशी शरीराबाहेर फार टिकत नाहीत, रक्त ताजं लागतं. मग आमचं मित्रमंडळ रीतसर सह्या करून रक्त द्यायला लागलं.

*

पहिले चीफसाहेब, जहाजावरचे इंजिनियर. सरावाच्या दिवशी त्यांची पेशी अशी सुटली, की जंतूने पासपोर्ट टाकून पलीकडच्या मलेशियात, जोहोरकडे धूम ठोकली. निदान मी तरी सगळ्यांना असंच सांगतो. साहेबांनी तो व्हिडिओ ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, "धाकटे चिरंजीव."

*

दुसरा सतीश, चांगी बिझनेस पार्कमधला आयटीवाला. बॅडमिंटन खेळताना त्याचा घोटा सुजला.

"मंजिरी, ही सूज घालव गं."

"अरे, सूज म्हणजे मदत आलीय. रक्तवाहिन्या सैल होतात, फटींतून पाणी झिरपतं, पेशी अंग चोरून बाहेर पडतात आणि दुखऱ्या जागी पोचतात. म्हणून लाल, गरम आणि टम्म."

सतीशने घोट्याकडे आदराने पाहिलं. "एवढे सगळे माझ्यासाठी आलेत? आमची सिस्टीम बंद पडली तर टीममधलं कोणी फोनसुद्धा उचलत नाही."

*

चीफसाहेबांच्या मानेवर गळू झालं. पू म्हणजे बऱ्याचशा लढून मेलेल्या पांढऱ्या पेशी, हे त्यांना मंजिरीकडून कळलं होतं. गळू फुटलं तेव्हा साहेबांनी आरशासमोर उभं राहून सॅल्यूट ठोकला. वहिनी दारातून म्हणाल्या, "आंघोळ करताय की परेड?"

*

मला कोळंबीची अ‍ॅलर्जी. हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे तिथल्या खाऊगल्लीत, एक चुकून पोटात गेली आणि ओठ वड्यासारखे फुगले. औषध घेऊन घरी आलो, तर मंजिरी म्हणाली, "तुझ्या पहारेकऱ्यांनी पाहुण्याला चोर समजून बडवलंय."

"पण किती जागरूक आहेत बघ."

"जागरूक नाहीत, तुझ्या आईसारखे आहेत. कोण आलंय हे न बघताच सुरू."

*

प्रात्यक्षिकाच्या सकाळी चीफसाहेब समुद्रावर. सतीशने घोट्यासाठी सूज उतरवायची गोळी घेतलेली, तिने पेशीही मंदावतात, म्हणजे तोही बाद. मंजिरीने माझ्याकडे पाहिलं. मी सुईला इतका भितो, की शर्टाचं बटण तुटलं तर शर्टच टाकतो. तरी बाही वर केली.

दुपारी मोठ्या पडद्यावर माझी पेशी. गोल, ढिम्म. शेजारी जंतू निवांत हिंडतोय. मोठ्या बाईंनी चष्मा वर सरकवला.

"डेड ऑलरेडी?"

मंजिरी शांतपणे म्हणाली, "नो मॅडम. माझ्या नवऱ्याची आहे. वेळ लागतो, पण उठते."

कोणी हसेना. मग पेशीची कड हलली. पाय काढावा तशी ती लांबली, वळली, जंतूच्या मागे लागली, कोपऱ्यात तिने त्याला गाठलं आणि अख्खा गिळला. मंजिरीने वळून माझ्याकडे पाहिलं. असं तिने लग्नाच्या मांडवातही पाहिलं नव्हतं.

मोठ्या बाई उठल्या. "प्रोजेक्ट कंटिन्यू," त्या म्हणाल्या. दाराशी थांबून माझ्याकडे बोट करत त्या अस्सल सिंगापुरी हेलात म्हणाल्या,

"हजबंड ऑल्सो कीप, लाह."