कोऱ्या कोपऱ्यातला कान

असले अनुभव सांगणाऱ्यांना मी आजवर तोंडावर हसत आलेय. त्यामुळे तुम्ही हसलात तर तक्रार नाही... पण आधी पूर्ण वाचा.

मी कळंब्यात राहते. इंटरॅक्शन डिझायनर आहे — म्हणजे ॲपमध्ये कुठलं बटण कुठं हवं, माणूस कुठं अडखळतो, हे बघणारी. घरी हे समजावण्यात दोन वर्षं गेली आणि नोकरी काही मिळेना. शेवटी पुण्याच्या एका कंपनीत शेवटच्या फेरीपर्यंत पोचले, तेही घरून करायची नोकरी! पप्पांनी बजावलं होतं, "ही नोकरी हुकली की बी.एड.चा फॉर्म भरायचा. लई झाली बटणं."

कंपनीनं त्या फेरीसाठी काम दिलं होतं, जनावरांच्या डॉक्टरला बोलावायचं ॲप. आमच्या कामात स्क्रीन आधी कागदावर काढतात, लोकांपुढं ठेवतात आणि बोटानं दाबायला सांगतात. आपण काही सुचवायचं नाही, वाद घालायचा नाही, नुसतं बघायचं आणि विचारायचं. म्हणून उचगावला मावशीकडं सकाळी अकराला जाऊन बसले. म्हशी सांभाळणाऱ्या चार बायका, एकेकीला आत बोलवायचं ठरलं.

पहिल्या आक्कांनी माझी सगळी बटणं सोडून खाली डाव्या कोपऱ्यात बोट ठेवलं. तिथं काहीच नव्हतं. कोरा कागद!

"आक्का, तिथं काय आहे?"

"कान हाय की."

"कसला कान?"

"तूच काढलायस आणि मलाच इचारतीस व्हय? ह्यो दाबला की म्हस कशी धापतीया ते डाक्टरला ऐकू जाणार."

दुसरीचं तेच. तिसरीचंही तेच! म्हटलं, बायकांनी मिळून माझी चेष्टा लावलीय. पण चौथी होती मावशीची जाऊ, आजऱ्याहून एसटीनं नुकतीच आलेली. हातातली पिशवीसुद्धा खाली ठेवली नव्हती.

"कान लई बारीक काढलायस गं," ती म्हणाली.

माझं डोकंच फिरलं. नियमबियम सोडून ओरडले, "अहो, कुठाय कान? दाखवा मला!" तिनं शांतपणे कोऱ्या कागदावर बोट गोल फिरवलं. मी कागद उन्हात धरला, उलटा केला... काही नाही. मावशी म्हणाली, "डोळं तपासून घे बाई." तिलाही दिसत होता!

मी हट्टाला पेटले. डिझाइन माझं, नोकरी माझी, मी का कान काढू? कागदांचे फोटो होते तसेच पाठवले.

मुलाखत ऑनलाइन होती. पुण्याच्या मॅडम म्हणाल्या, "बाकी सगळं नेहमीचंच आहे. पण डावीकडं खाली हा कान... हे कसं सुचलं तुला?"

दाराशी पप्पा उभे होते. कान मला दिसत नाही म्हटलं असतं तर संपलंच होतं सगळं. मी म्हणाले, "उचगावच्या बायकांनी सुचवलं." खोटं नव्हतं ते, पण खरंही कुठं होतं?

नोकरी मिळाली. पप्पांनी गल्लीभर पेढे वाटले. मी डोळे दोनदा तपासून घेतले, नंबरसुद्धा नाही. टीममध्ये सगळ्यांना कान दिसतो, त्यांनी तो खऱ्या ॲपमध्ये बसवलाही, आणि मी घासून घासून काढलेल्या बटणांबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही. संताप येतो, खरंच सांगते!

ॲप सुरू झाल्यावर आठवडाभरानं मावशीचा फोन आला. "म्हस अडली हुती गं. कान दाबला, डाक्टरनं ऐकलं आणि जेवणाच्या ताटावरनं उठून आला. म्हस बी वाचली, रेडकू बी वाचलं. शाणी हाईस तू."

फोन ठेवून ॲप उघडलं, त्या कोपऱ्यात कितीतरी वेळा बोटानं दाबलं आणि ढसाढसा रडले. काय आहे ते मला आजही माहीत नाही. माझ्या फोनवर तिथं नुसता पांढरा रंग आहे.