फॉल्सभाऊ आणि वाघाचं बटण

फॉल्सभाऊंना फोनचा रिकामा पडदा फार आवडायचा. पडद्यावर दोनपेक्षा जास्त बटणं दिसली की ते मान हलवत म्हणायचे, "लई गर्दी झालीय राव. निम्मी घरी पाठवा."

आळेफाट्याला एका गॅरेजच्या माडीवर आमचं ऑफिस होतं. खाली ट्रकचे टायर, वर आम्ही. फारसा कोड न लिहिता अ‍ॅप बनवायचं आमचं काम. बटण माउसने ओढून पडद्यावर आणायचं आणि हवं तिथे सोडायचं. प्रत्येक बटणापाशी ‘व्हिजिबल’ अशी एक ओळ असते. तिथे ‘ट्रू’ असलं की बटण दिसतं, ‘फॉल्स’ केलं की गायब. भाऊ महाळुंगे पडवळचे, अवसरीला इंजिनिअरिंग केलेले. डोकं तल्लख, पण त्या ओळीपाशी आले की बोटं आपोआप ‘फॉल्स’कडे वळायची. म्हणून हे नाव पडलं. त्यांची अ‍ॅप तपासायचं काम माझ्याकडे होतं, म्हणजे खरं तर त्यांनी लपवलेली बटणं शोधायचं.

"ताई, आत्ता लागतंय का ते बटण? न्हाई ना? मंग दिसायचं काम न्हाई," हा त्यांचा नियम.

एका मंगल कार्यालयासाठी त्यांनी बुकिंगचं अ‍ॅप केलं. वधूचं नाव भरल्याशिवाय कॅलेंडर दिसणार नाही, अशी सोय. पहिलंच गिऱ्हाईक तणतणत माडी चढून आलं. "अहो, पोरगी अजून बघतोय! तारीख मोकळी हाय का तेवढं बघायचंय!" भाऊ शांतपणे म्हणाले, "मंग नावाच्या जागी ‘बघतोय’ टाका ना." पुढे त्या कार्यालयाच्या दारावर ‘चि. सौ. कां. बघतोय’ अशी पाटी लागली. नवरीकडच्यांनी मांडवातच भांडण काढलं. बुकिंग रद्द करायचं बटण मात्र भाऊंनी कुणालाच दाखवलं नव्हतं. "नुसतं दिसलं तरी माणसाला नको ते सुचतं," म्हणाले.

मग आसपासच्या गावांनी मिळून बिबट्याचं अ‍ॅप मागितलं. आमच्याकडे बिबट्यालाही वाघच म्हणतात. वाघ दिसला की बटण दाबायचं, आणि सगळ्या शेजाऱ्यांच्या फोनवर भोंगा वाजायचा. भाऊंनी फार मन लावून काम केलं. आधी नाव, मग तालुका, मग गाव, मग वस्ती. एक भरलं की पुढचं उगवायचं. सगळं भरून झालं की सरतेशेवटी बटण. ऑफिसात खुर्चीवर बसून ते लोण्यासारखं चालायचं.

वापरून बघायला भाऊंनी ते पहिल्यांदा आईच्या फोनवर टाकलं. त्याच आठवड्यात दुपारी आम्ही वडापाव खात होतो आणि आईचा फोन आला. भाऊंचे हात चटणीचे, म्हणून त्यांनी कोपराने स्पीकर लावला.

"आरं, गोठ्याच्या पत्र्यावर वाघ बसलाय! वाघ दिसतोय, बटान दिसंना!"

"आई, घाबरू नको. आधी तालुका निवड."

"तालुका तुझा बाप निवडंल! वाघ शेळीकडं बघतोय!"

"आंबेगाव, आई. वरूनच पहिलं हाय."

पुढे नुसता घमेलं बडवल्याचा आवाज आला. मग आईची हाळी, शेजाऱ्यांची पळापळ, शेळीचं ओरडणं. बऱ्याच वेळाने आई फोनवर आली. धापा टाकत म्हणाली, "गेला उसात. शेळी हाय. आता इचार, कंचा तालुका?"

भाऊंनी वडापाव बाजूला ठेवला. "ताई, वाघापुढं उभ्या माझ्या आयला मी तालुका इचारला," एवढंच म्हणाले आणि मशिनवर बसले. संध्याकाळपर्यंत तो सगळा पसारा काढून टाकला. पडद्यावर एकच लाल बटण उरलं, तव्याएवढं. जागा फोननेच ओळखायची, बाकी चौकशी वाघ गेल्यावर.

"आता तुमी घाबरून दाबा," ते म्हणाले. मी दाबलं. "असं न्हाई. खरं घाबरा." असं म्हणून जिन्याआड लपले आणि अचानक "वाघ!" म्हणून असे ओरडले, की खालचे मेकॅनिक पाने घेऊन वर धावले. माझा फोन हातातून उडाला, पण पडता पडता भोंगा वाजला. भाऊ खूश.

त्या वर्षी त्यांना बंगळुरूला नोकरी लागली. फाट्यावर आम्ही त्यांना बसमध्ये बसवलं. खिडकीतून म्हणाले, "ताई, आईच्या फोनकडं ध्यान ठेवा." त्यांच्या जाण्याने ऑफिस इतकं सुनं झालं, की मी कित्येक दिवस उगाच त्यांची जुनी अ‍ॅप उघडून बसायची.

मग एका सकाळी महाळुंग्यात भोंगा वाजला. वस्तीवरची माणसं काठ्या घेऊन धावली. एकाच्या डोक्याला साबण तसाच. बघतात तर मावशी, म्हणजे भाऊंची आई, पायरीवर निवांत बसलेल्या.

"मावशी, वाघ कुठंय?"

"वाघ न्हाई बाबा. पोराचा फोन न्हाई आला."

माणसं चिडली आणि मग पायरीवरच चहा पिऊन गेली. दुपारी मला भाऊंचा फोन. गावाने त्यांना पुष्कळ ऐकवलं होतं. "ताई, एक बटण वाढवतोय. तपासून द्या," म्हणाले.

नवं अ‍ॅप आलं. माझ्या फोनवर काही वेगळं दिसेना. सवयीने मी ती ‘व्हिजिबल’ची ओळ उघडली. तिथे ट्रूही नव्हतं, फॉल्सही नव्हतं. एक अट होती: फोन आईचा असेल तरच दाखव.

दुसऱ्या दिवशी मी महाळुंग्याला गेले. मावशींच्या फोनवर लाल बटणाखाली एक छोटं हिरवं बटण उगवलं होतं. त्यावर लिहिलं होतं ‘पोरगा’. मी काही सांगायच्या आत त्यांनी दाबलं. तिकडून भाऊ कुजबुजले, "आई, मीटिंगमधी हाय. काय झालं?"

"काय न्हाई. बटान चालतंय का बघितलं."

आणि फोन ठेवून त्यांनी ते पुन्हा दाबलं.